क्लॅम्पची मूठ हातातून का निसटते?

जुलैतली दुपार. दादरच्या चाळीतल्या गॅलरीत सागवानी फळ्यांच्या कडांना फेविकॉल लावून मी सांधा जुळवत होतो. हा गोंद हातात फार तर दहा मिनिटं देतो. तेवढ्यात फळ्या जुळवायच्या, त्या दाबून धरणारे क्लॅम्प लावायचे, कसायचे. पहिला क्लॅम्प ठीक कसला गेला. तिसऱ्यापर्यंत तळहात घामाने ओला झाला, त्यावर रंध्याचा बारीक भुसा चिकटला, आणि वॉर्निश केलेली गोल लाकडी मूठ नुसती हातात फिरायला लागली. हात फिरतोय, मूठ जागेवर. ओला गोंद वंगणासारखं काम करतो, त्यामुळे फळ्याही एकमेकींवरून सरकू लागल्या. तो सांधा वाया गेला. संध्याकाळी मी मुठीवर काय गुंडाळावं याचा विचार करत बसलो असताना खालच्या मजल्यावरचे सुतारकाका वर आले, क्लॅम्प हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "अरे, मूठ नंतर बघ. आधी आटे बघ."

या एका वाक्याचा अर्थ मला पूर्ण कळायला बराच वेळ लागला. तो इथे सांगतो, कारण मूठ निसटते म्हणून आपण सगळे मुठीलाच दोष देतो आणि निम्मं दुखणं तसंच राहून जातं.

आधी नावं पक्की करू. घरगुती कामात सर्वात जास्त वापरला जातो तो एफ क्लॅम्प. एक लांब लोखंडी पट्टी, तिच्या टोकाला पक्का जबडा, पट्टीवर सरकणारा दुसरा जबडा. सरकत्या जबड्यातून आट्यांचा, म्हणजे स्क्रूसारख्या वळत्या खाचांचा, एक दांडा जातो. त्याच्या एका टोकाला आपली मूठ, दुसऱ्या टोकाला लाकडावर टेकणारी फिरती चकती. मूठ फिरवली की दांडा पुढे सरकतो आणि चकती लाकूड दाबते. म्हणजे हाताच्या पिळाचं दाबात रूपांतर करणारं हे यंत्र आहे. मग प्रश्न असा, की आपण दिलेल्या पिळातला किती भाग खरोखर दाबापर्यंत पोचतो?

हिशोब करून बघू. समजा दांडा 12 मिलिमीटर जाडीचा आहे आणि एका पूर्ण फेरीत तो 3 मिलिमीटर पुढे जातो. एफ क्लॅम्पमध्ये अशी मापं सहज सापडतात. आपण मुठीला जो पीळ देतो तो 10 सेंटीमीटर लांबीच्या आडव्या काठीच्या टोकाला 3 किलो वजन टांगल्याइतका आहे असं धरू. मध्यम जाडीच्या मुठीवर हाताला साधारण तेवढंच झेपतं. आट्यांत काहीच घर्षण नसतं, तर या पिळातून जवळजवळ 630 किलोचा दाब मिळाला असता. पण कोरड्या, थोड्या गंजलेल्या आट्यांवर प्रत्यक्षात हाती येतात सुमारे 120 किलो. आपल्या मेहनतीचा पाचातला जेमतेम एक भाग लाकडापर्यंत पोचतो. बाकीचे चार भाग आट्यांच्या घासण्यात आणि चकतीच्या सांध्यात जातात.

आता तेच आटे साफ करून त्यांना मेण लावा. घर्षण निम्म्यावर आलं असं धरलं, तर तेवढ्याच पिळात दाब 200 किलोच्या आसपास जातो. मुठीला हातही न लावता दीडपटीहून जास्त! काका हेच सांगत होते. मूठ निसटते याचा अर्थ हाताला झेपतो त्याहून जास्त पीळ दांडा मागतोय. मग हाताची पकड वाढवता येते, तशी दांड्याची मागणीही कमी करता येते. दुसरं काम स्वस्त आणि सोपं आहे, म्हणून ते आधी करावं.

मुंबईत तर ते करावंच लागतं. समुद्राची खारट हवा आणि पावसाळ्यात 80 टक्क्यांच्या वर जाणारी आर्द्रता, यांमुळे उघड्यावर ठेवलेले आटे एका मोसमात तांबूस होतात. त्यावर गोंदाचे वाळलेले थेंब. पितळी तारांचा ब्रश घेऊन आट्यांच्या खाचा साफ करा. वाळलेला गोंद निघत नसेल तर कोमट पाण्याने भिजवलेलं फडकं थोडा वेळ गुंडाळून ठेवा, तो मऊ होतो. मग दांडा पूर्ण कोरडा करा आणि साधी मेणबत्ती खाचांवर घासा, मूठ पुढे-मागे फिरवून मेण पसरू द्या. तेलापेक्षा मेण बरं, कारण तेलावर भुसा बसून त्याची लापशी होते, आणि तेलाचा एक थेंब लाकडावर पडला तर पुढे तिथे पॉलिश धरत नाही. चकतीच्या सांध्यात मात्र शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडा आणि बाहेर आलेलं पुसून घ्या. तिथलं घर्षण आपण विसरतो, पण वाया जाणाऱ्या पिळात त्याचाही मोठा वाटा असतो. शिवाय चकती जाम असेल तर ती दांड्याबरोबर फिरते आणि लाकडावर गोल ओरखडा काढते.

एक गोष्ट इथे ठळकपणे सांगायला हवी. मेण लावायचं ते आट्यांना, लांब पट्टीला चुकूनही नाही. एफ क्लॅम्पचा सरकता जबडा पट्टीवर जरासा तिरका होऊन अडकतो आणि त्या अडकण्यावरच सगळा दाब तोलला जातो. पट्टी बुळबुळीत झाली की जबडा मागे घसरतो. पट्टी फक्त कोरड्या फडक्याने पुसायची.

आणखी एक शंका हमखास येते. आटे इतके गुळगुळीत झाले तर क्लॅम्प आपोआप सैल नाही का पडणार? नाही. आट्यांचा चढ अगदी मंद असतो, वरच्या उदाहरणात तो पाच अंशांच्या आसपास आहे. इतक्या मंद उतारावरून घसरायला घर्षण मेणाच्याही खाली जावं लागतं, आणि चकतीचं घर्षणही आपल्याच बाजूने असतं.

आता मुठीकडे वळू. गोल मूठ फिरवण्यासाठी तीन गोष्टी लागतात. आपण ती किती जोरात आवळतो, तळहात आणि मूठ यांच्यात घर्षण किती आहे, आणि मुठीची जाडी किती आहे. तिघांचा गुणाकार म्हणजे आपण देऊ शकतो तो पीळ. मूठ निसटायला लागली की माणूस पहिल्या गोष्टीवर जोर देतो, म्हणजे आणखी घट्ट आवळतो. तीच सर्वात महाग पडते. आवळून पिळण्याचा ताण मनगटाकडून कोपराच्या बाहेरच्या बाजूला जातो. तिथले स्नायुबंध पुन्हापुन्हा ताणले गेले की जे दुखणं होतं त्याला टेनिस एल्बो म्हणतात. 2004 मध्ये सचिन तेंडुलकरला याच दुखण्याने मैदानाबाहेर बसवलं होतं, तेव्हा मुंबईत घराघरात हा शब्द पोचला. ते दुखणं व्हायला टेनिस खेळावं लागत नाही आणि क्रिकेटही खेळावं लागत नाही. एका दुपारी वीस क्लॅम्प आवळणाऱ्यालाही ते गाठतं.

म्हणून उरलेल्या दोन गोष्टींकडे बघायचं. घर्षण आणि जाडी.

घर्षणाबद्दल एक मजेशीर गोष्ट आहे. पूर्ण कोरडा तळहात हा काही सर्वात चांगली पकड देणारा तळहात नव्हे. त्वचा जराशी दमट असली की ती मऊ होते आणि पृष्ठभागाला जास्त बिलगते. नोटा मोजताना बोट ओलं करतात ते याचसाठी. पण घाम वाढून त्वचा आणि मूठ यांच्यात पाण्याचा थर बसला की पकड एकदम कोसळते. वॉर्निशचा गुळगुळीत पृष्ठभाग पाणी शोषत नाही, त्यामुळे तो थर तिथेच राहतो. त्यात बारीक भुसा मिसळला की कॅरमवरच्या पावडरीसारखी गत होते. उघडं लाकूड तो ओलावा पिऊन टाकतो. म्हणूनच सर्वात साधा उपाय फुकटात होतो. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने मुठीवरचं वॉर्निश पूर्ण घासून काढा. आत बीच किंवा तसंच एखादं घट्ट लाकूड असतं. ते मैलं होऊ नये असं वाटत असेल तर जवसाच्या तेलाचा एकच पातळ हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. माझ्या निम्म्या क्लॅम्पना याहून जास्त काही करावं लागलं नाही.

जाडीचं गणित सरळ आहे. तेवढ्याच जोरात आवळून 30 मिलिमीटरच्या मुठीऐवजी 36 मिलिमीटरची मूठ फिरवली तर पीळ पाचवा हिस्सा वाढतो. बरणीचं मोठं झाकण सहज उघडतं आणि औषधाच्या बाटलीचं छोटं बूच छळतं, तेही यामुळेच. पण जाडी वाढवत नेण्यालाही मर्यादा आहे. बोटांची टोकं अंगठ्यापासून लांब जाऊ लागली की आवळण्याची ताकदच घटते. साधारण 30 ते 50 मिलिमीटर ही मुठीसाठी चांगली जाडी. लहान हाताच्या माणसाने 40 च्या आत राहावं. स्वस्त क्लॅम्पच्या मुठी बऱ्याचदा 25 मिलिमीटरच्याच असतात. तिथे काहीतरी गुंडाळलं की घर्षण आणि जाडी दोन्ही एकदम मिळतात.

गुंडाळायला काय घ्यावं? मुंबईकराला याचं उत्तर धोबी तलावाच्या खेळाच्या दुकानांत सापडतं. क्रिकेटच्या बॅटची रबरी ग्रिप. बॅटचा दांडा आणि क्लॅम्पची मूठ यांची जाडी जवळपास सारखी असते, आणि ही ग्रिप घामेजल्या हातांसाठीच बनवलेली असते. साधारण फूटभर लांबीची एक ग्रिप कापली की दोन मुठी होतात, मुठी आखूड असल्या तर तीनही. ती चढवायला दुकानात लाकडी कोन मिळतो. तो नसेल तर ग्रिप गुंडाळी करत, मोजा चढवतो तशी उलगडत न्यायची. जाड मूठ आवडणारे बॅट्समन एकावर एक दोन ग्रिपा चढवतात. बारीक मुठीच्या क्लॅम्पला तीच युक्ती करा.

याहून स्वस्त म्हणजे सायकलची जुनी ट्यूब. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे फाटक्या ट्यूबचा ढीगच असतो. माप असं घ्यायचं. ट्यूब सपाट पसरवून तिची रुंदी मोजा, तिची दुप्पट म्हणजे ट्यूबचा घेर. हा घेर मुठीच्या घेरापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी हवा, म्हणजे ती ताणून घट्ट बसेल. 30 मिलिमीटरच्या मुठीचा घेर होतो 94 मिलिमीटर. तिला 40 मिलिमीटर रुंदीची ट्यूब चांगली बसते. ट्यूबच्या आत पांढरी पावडर असते, ती साबणाने धुऊन काढायला विसरू नका, नाहीतर ट्यूब मुठीवर बसते पण मुठीवरच फिरत राहते आणि आधीपेक्षा जास्त वैताग येतो. चढवताना मुठीला साबणाचं पाणी लावा, ट्यूब सरकन जाते. रात्रभर वाळली की हलत नाही.

बॅडमिंटनच्या रॅकेटची टेप हाही चांगला पर्याय आहे. ती घाम शोषते आणि खराब झाली की पाच मिनिटांत बदलता येते. फक्त गुंडाळण्याची दिशा सांभाळा. कसताना हात ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने टेप गुंडाळत न्यायची. मग प्रत्येक वेळी कसताना हात टेपला आणखी आवळतो. उलट गुंडाळली तर तोच हात तिचं टोक उकलत राहतो. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर कौलासारखा थोडा चढलेला असू द्या.

लोहार चाळीत विजेच्या सामानात उष्णतेने आकसणारी नळी मिळते, ती काहीजण मुठीवर चढवतात. नुसती चढवली तर ती वॉर्निशइतकीच गुळगुळीत असते. पण आधी मुठीवर सुतळीचे बोटभर अंतराने तिरके वेढे द्या, त्यावर नळी ओढा आणि गरम हवेच्या गनने आकसवा. सुतळीचे उंचवटे वर उमटतात आणि बोटं त्यांच्यात बसतात. 30 मिलिमीटरच्या मुठीला 40 मिलिमीटरची, निम्म्यापर्यंत आकसणारी नळी पुरते. गोंदाच्या बोटांनी हाताळली तरी ती पुसून साफ होते, म्हणून रोज काम करणाऱ्यांनी याचा विचार करावा.

काळी इन्सुलेशन टेप मात्र टाळा. मे महिन्यात तिचा डिंक बाहेर येतो, हात चिकट होतो आणि तो डिंक तिथून लाकडावर जातो. पायऱ्यांवर लावतात ती खरखरीत टेपही नको. पकड जबरदस्त देते, पण दहा क्लॅम्पांत तळहाताची साल काढते. मल्लखांबाला एरंडेल का लावतात ते आठवा. जिथे अंग लाकडावर सतत फिरतं तिथे घर्षण हवं तसं नकोही असतं. क्लॅम्पवर आपण मूठ घट्ट धरून फिरवतो, सोडतो, पुन्हा धरतो. त्या सोडण्या-धरण्यातही हात सुखरूप राहिला पाहिजे.

आतापर्यंतचे सगळे उपाय घर्षणावर अवलंबून होते. घर्षणाला बाजूला ठेवणाराही एक उपाय आहे, आणि मला तो सर्वात आवडतो. मुठीचा गोलपणाच मोडायचा. स्क्रू ड्रायव्हरची मूठ कधी साधी गोल नसते, तिला खाचा किंवा पैलू असतात. गोल मुठीवर हात फक्त घासून जोर लावतो. पैलू असतील तर बोटांची पेरं कडांना अडतात आणि मूठ ढकलतात. मग हात तेलकट असला तरी बराच जोर लागतो. लाकडी मुठीला कानशीने आठ पैलू पाडता येतात. पेन्सिलीने टोकावर अष्टकोन आखून घ्या, समोरासमोरच्या जोड्या घासत जा, म्हणजे मूठ एका बाजूला झुकत नाही. कडा शेवटी पेपरने मोडा. बोटाला जाणवाव्यात पण टोचू नयेत. फार खोल जाऊ नका, आत दांड्याचं टोक असतं आणि मूठ पातळ झाली की तडकते.

मुठीला आरपार भोक पाडून त्यात आडवी सळई घालायचा मोह अनेकांना होतो. सळई म्हणजे लांब तरफ, तिने पीळ तिप्पट-चौपट सहज होतो. पण क्लॅम्प तेवढ्यासाठी बनवलेला नसतो. पट्टी वाकते, जबडा तिरका होतो आणि फळीही धनुष्यासारखी उचलली जाते. लाकडी मुठीच्या एफ क्लॅम्पना ही सळई मी लावत नाही आणि कोणाला लावूही देत नाही.

मग दाब हवा तरी किती? साध्या पांढऱ्या गोंदाला मऊ लाकडावर दर चौरस सेंटीमीटरला 7 ते 10 किलो, मध्यम घट्ट लाकडावर 9 ते 12 आणि कठीण लाकडावर 12 ते 18 किलो असा दाब शिफारस केलेला असतो. सागवान मध्यम गटात धरू. माझ्या त्या दिवशीच्या फळ्या 60 सेंटीमीटर लांब आणि 2 सेंटीमीटर जाड होत्या. सांध्याचं क्षेत्रफळ 120 चौरस सेंटीमीटर, म्हणजे कमीत कमी 1080 किलो. सहा क्लॅम्प लावले तर प्रत्येकाच्या वाट्याला 180. आता सुरुवातीचा हिशोब आठवा. कोरड्या आट्यांचा क्लॅम्प 120 देत होता, मेण लावलेला 200. हाताचा जोर तोच. सहाच क्लॅम्प एकीकडे कमी पडतात, दुसरीकडे पुरून उरतात. चोख जुळवलेला सांधा याहून कमी दाबातही धरतो, हे खरं. पण कडा जरा जरी वाकडी असेल तर ती फट बंद करायला हाच दाब लागतो. आणि पुरेसा दाब मिळाल्यावर आणखी पिळत राहण्यात अर्थ नाही. सांध्यातून गोंदाचे बारीक मणी एका ओळीत बाहेर आले की हात थांबवायचा.

तुमच्या क्लॅम्पमध्ये किती फरक पडला हे घरच्या वजनकाट्यावर बघता येतं. दोन जाड फळ्यांच्या मधे काटा ठेवा, दोन्ही बाजूंना एकेक क्लॅम्प लावा आणि आळीपाळीने थोडं थोडं कसा. काट्यावर दोघांची बेरीज दिसेल. काट्याच्या मर्यादेच्या बरंच आत, 100 किलोवर थांबा. आधी आटे आणि मूठ आहेत तशाच ठेवून करा, मग मेण लावून, मग मूठ बदलून. काट्यावर आकडा प्रत्येक वेळी तोच 100 असेल. तिथवर पोचताना मनगटाला काय वाटलं, ते प्रत्येक वेळी लक्षात ठेवा.